डिसेंबरची घट

माझी जीभ तिखट आहे, हे मला कळायला लागल्यापासून लोक सांगत आलेत. आई तर म्हणायची, ह्या पोरीला सासरापेक्षा कचेरी बरी, तिथं भांडायचा पगार तरी मिळतो. झालंही तसंच. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा मी जालन्यात रोजगार नोंदणीच्या ऑफिसात कारकून म्हणून चिकटले. जालना जिल्हा व्हायचा होता अजून, आम्ही औरंगाबादेतच मोडत होतो. ऑफिस म्हणजे भाड्याच्या तीन खोल्या, एक जाळीची खिडकी आणि भिंतीला लागून लाकडी खणांची कपाटं. त्या खणांत कार्डं. आसपासच्या तालुक्यांतल्या बेकार पोरापोरींची, कडा मळलेली, पिवळी पडलेली. माझंही कार्ड एके काळी त्यातच होतं. त्यातूनच मला बोलावणं आलं म्हणून मी खिडकीच्या आत बसले, नाहीतर बाहेर रांगेत उभी असते.

आम्ही चौघं होतो. साहेब पुण्याकडचे, आवाज न चढवणारे. बडेबाबू जुने, निजामाच्या काळात उर्दूत फायली लिहिलेले, त्यामुळं मराठी लिहितानाही त्यांचा हात अडखळायचा. शिपाईमामा. आणि मी, दोन वर्षं होत आली तरी कायम न झालेली. मला कायम करण्याचे कागद त्या थंडीत साहेबांच्या टेबलावर होते. साहेबांनी दोन ओळींचं मत लिहायचं आणि ते औरंगाबादला जायचे, एवढंच बाकी होतं. घरी अंबडजवळच्या गावात बाप, पाठची तीन भावंडं, आणि आमच्या वस्तीत सरकारी नोकरीत लागलेलं पहिलं माणूस मी. मी कायम झाले का, हे आमच्या आळीत म्हातारी माणसंसुद्धा विचारायची.

आमचं सगळं काम महिन्याच्या शेवटाभोवती फिरायचं. पहिल्या आठवड्यात मासिक तक्ता वर जायला हवा. मागच्या महिन्याची शिल्लक, नवीन नोंदले किती, नोकरीला लागले किती, नोंदीतून कमी झाले किती, आणि महिनाअखेर शिल्लक किती. साहेब फक्त शेवटचा रकाना बघायचे. तक्ता औरंगाबादला जायचा, तिथून मुंबईला. तिथं सगळ्या जिल्ह्यांचे तक्ते एकत्र व्हायचे आणि राज्यात बेकारी ह्या महिन्यात चढली का उतरली ते ठरायचं. साहेबांनीही टेबलामागं चौकडीच्या कागदावर लाल पेन्सिलीनं आमच्या ऑफिसाची रेघ काढली होती. ती दरवर्षी जूनपासून चढायची आणि डिसेंबरात धपकन खाली यायची. त्या घटीवर साहेब खूश असायचे. वरून पत्र यायचं, घट समाधानकारक आहे. तक्त्यात शेऱ्याचा रकाना असायचा, तिथं साहेब दरसाल तेच सांगायचे: शेतीची कामे उपलब्ध झाल्याने.

शेतीची कामे, डोंबलाची. ती घट कशी होते ते मला पहिल्याच वर्षी कळलं होतं, कारण ज्यांची नावं त्या घटीत जायची, त्यांच्यातलीच मी एक होते. मार्चात मॅट्रिक पास होणारी पोरं जून-जुलैत नाव नोंदवायची. घरी शिकलेलं माणूस, शिकवणी, कंदिलाला रॉकेल, अशी ती पोरं. आमच्यासारखी मार्चात इंग्रजी नाहीतर गणितात आपटायची आणि ऑक्टोबरच्या बारीला निघायची. निकाल लागून नाव नोंदवायला डिसेंबर उजाडायचा. आणि ज्या महिन्यात नाव नोंदवलं, त्याच महिन्यात दरवर्षी आपलं कार्ड आणून नाहीतर कुणाकरवी धाडून त्याच्या मागं आणि आमच्या खणातल्या जोडीच्या कार्डावर शिक्का मारून घ्यायचा, असा नियम. शिक्का नाही, तर नोंद रद्द, इतक्या वर्षांची ज्येष्ठता पाण्यात. आता डिसेंबरात ही ऑक्टोबरवाली पोरं कुठं असतात? दिवाळी झाली की आई-बापासंगं ट्रकात बसून नगरकडं ऊस तोडायला. शिक्का मारायला येणार कोण? मग एकतीस तारखेला आम्ही खणांतून त्यांची कार्डं उपसायची, 'कमी केले' असं लिहून गठ्ठ्यात बांधायची, आणि राज्यात बेकारी उतरायची.

हे मी बडेबाबूंना एकदा बोलले. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, बाई, आधी कायम व्हा, मंग शहाण्या व्हा. मला राग आला, पण गप्प बसले. त्या दिवसांत मी बरीच गप्प बसायला शिकत होते, आणि जे आत कोंडायचं ते खिडकीवर रांगेतल्या लोकांवर निघायचं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

त्या वर्षी डिसेंबर संपता संपता पाटबंधाऱ्याच्या लोकांचं मागणीपत्र आलं. कालव्याचं काम अंबडच्या बाजूला जोरात होतं, त्यांना मोजणीदार हवे होते, मॅट्रिक पास, चार जागा. ज्येष्ठतेनं नावं पाठवायची, दोन तारखेच्या आत. असं पत्र वर्षा-दोन वर्षांतून एखादं यायचं. यादी मीच काढली, तीस तारखेला टाइप केली. पहिल्या नावाचा पोरगा चार वर्षांपूर्वी नोंदलेला होता. त्याच्या आधीचं मॅट्रिकचं जिवंत कार्ड आमच्या खणात दुसरं उरलं नव्हतं.

एकतीस तारखेला सकाळपासून खणांची मोजणी चालली होती. शिपाईमामा कार्डं मोजायचे, मी आकडा लिहायची, बडेबाबू ताळा करायचे. एक जरी कार्ड कमी-जास्त निघालं तरी सगळं पहिल्यापासून. दुपारी तीनच्या सुमारास खिडकीशी एक बाई आली. पन्नाशीची असेल, उन्हानं रापलेली. काखेत घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी पाटासारखं. मी आत बघतच म्हटलं, काय आहे, लवकर बोला. तिनं घोंगडी सोडली आणि जाळीला टेकवून धरली ती तसबीर. काचेच्या आत, लाकडी चौकटीत, आमच्या ऑफिसाचं कार्ड. नाव, नंबर, गोल शिक्का. एक कोपरा उंदरानं कुरतडलेला.

मी मोजणीचा कागद बाजूला ठेवून तसबिरीकडं नीट बघितलं. ती मी आधी बघितली होती. कधी, कुठं, ते लगेच आठवेना.

ती कुंभार पिंपळगावच्या बाजूची. पहाटे निघाली होती, अंबडला गाडी बदलून आली होती. घरची मेंढरं दुष्काळात विकली गेली आणि तेव्हापासून नवरा, पोरगा, सून उसाला जातात, ती घर राखते, असं तिनं सांगितलं. कार्ड कणगीत ठेवलं होतं, उंदीर लागला, म्हणून तिनं अंबडच्या बाजारात काच बसवून घेतली आणि भिंतीला लावलं. घरात सरकारचा गोल शिक्का असलेला तेवढा एकच कागद. पोरानं नगरकडून पोस्टकार्ड टाकलं होतं, मास्तरांनी ते वाचून दाखवलं: कालव्यावर भरती होणार आहे, माझा नंबर वर लागंल, महिना संपायच्या आत कार्ड जालन्याला दाखव. येत्या दिवाळीत त्याचं नोकरीचं वय संपतं, हेही तिनं बोटं मोजून सांगितलं. मग जाळीशी तोंड आणून, ओळखीचं हसून म्हणाली:

"मागल्या साली बी आल्ते की मी. तुमीच व्हता हितं. तुमी बगितलं अन् म्हन्लात, बराबर हाय."

तेव्हा सगळं आठवलं. मागच्या डिसेंबरची अशीच शेवटची तारीख, खिडकीवर झुंबड, सकाळीच साहेबांनी तक्त्यातल्या एका चुकीवरून मला ऐकवलेलं. एक बाई काचेतलं कार्ड वर धरून उभी, हे बराबर हाय का बगा म्हणतेय. मी नाव बघितलं, नंबर बघितला, आणि करवादून म्हटलं, बराबर हाय, बराबर हाय, सरका पुढं. शिक्का कार्डाच्या पाठीवर मारायचा असतो, आणि पाठ चौकटीच्या आत होती. मी म्हणायला हवं होतं, मावशी, काच काढा. दोन मिनिटांचं काम होतं. ती बिचारी सरकली पुढं, आणि त्याच संध्याकाळी मी खणातून तिच्या पोराचं कार्ड उपसून गठ्ठ्यात टाकलं असणार.

तरी मनात म्हटलं, नसेलही. शिपाईमामांना पक्कड मागितली. मागचे बारके खिळे उपटले, पुठ्ठा काढला, कार्ड उलटं केलं. आठ वर्षांपूर्वीची नोंद. त्यानंतर दरवर्षी डिसेंबरचा शिक्का, दुष्काळाच्या सालातसुद्धा, खडी फोडायला असतानासुद्धा, पुढं तोडीवरून सुट्टी काढूनसुद्धा तो येऊन गेलेला. आणि मागच्या सालच्या शिक्क्याची चौकट कोरी. मी मागच्या खोलीत जाऊन कमी केलेल्या कार्डांचा गठ्ठा सोडला. आमच्याकडचं त्याचं कार्ड निघालं. वर तांबड्या शाईत 'कमी केले', खाली माझी आद्याक्षरं. ते घेऊन मी माझ्या टाइप केलेल्या यादीशी लावलं. चार जागा, आणि हा त्या यादीत पहिला असता. पहिला म्हणजे अगदी पहिला, दुसऱ्याच्या चार वर्षं पुढं.

ह्याला उपाय होता. तो मला पाठ होता, तेच जास्त वाईट. नियमांच्या पुस्तकात लिहिलेलं होतं, की ऑफिसाच्या चुकीनं नोंद कमी झाली असेल तर संबंधित कारकुनाच्या लेखी खुलाशावरून साहेब सहीनिशी ती पुन्हा जिवंत करू शकतात. मला एक कागद घ्यायचा होता. त्यावर लिहायचं होतं की उमेदवाराची आई मुदतीत आली होती, मी कार्डाची पाठ न बघता तिला परत पाठवलं, चूक माझी आहे. खाली सही. बस. आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायचा होता, जिथं माझे कायम होण्याचे कागद पडले होते, त्याच्याच शेजारी.

मी कागद घेतला. टाक शाईत बुडवला. 'मा. साहेब यांच्या सेवेशी' एवढं लिहिलंही. मग बापाचा चेहरा डोळ्यांपुढं आला. तो त्याच कालव्यावर माती उचलायला जायचा आणि सांगायचा, माझी लेक कचेरीत हाय. साहेब वाईट नव्हते. कदाचित त्यांनी सही केली असती आणि मला दोन शब्द सुनावून सोडून दिलं असतं. कदाचित लिहिलं असतं, कामात निष्काळजी. आज मला वाटतं पहिलंच झालं असतं. पण आज काय, आज माझी पेन्शन चालू आहे.

दुसरी वाट चोरीची होती. बडेबाबू नमाजाला गेले होते, शिपाईमामा पाणी आणायला. खण उघडा होता. तारखेच्या शिक्क्याची चाकं फिरवता येतात. मी सालाचं चाक एक घर मागं फिरवलं, मागचा डिसेंबर लावला. आता दोन्ही कार्डांवर ठप्पा मारायचा आणि आमचं कार्ड खणात सरकवायचं, की काम झालं. तेवढ्यात आतून साहेबांनी विचारलं, मोजणी जमली का. कार्ड सरकवलं तर शिल्लक एकानं वाढणार, ताळा चुकणार, पुन्हा मोजणी, आणि मग ते कार्ड कुठून आलं, हा प्रश्न. मी म्हटलं, जमली साहेब. आणि चाक परत पुढं फिरवलं.

जाळीपलीकडं ती शांत उभी होती. तिला कशाची घाई नव्हती, सरकारी कामाला वेळ लागतो एवढं तिला माहीत होतं. मध्येच तिनं विचारलं, काही कमी-जास्त हाय का बाई? मी म्हटलं, नाही मावशी, करतेय.

केलं काय, ते सांगते. नवीन नोंदणीचं कोरं कार्ड घेतलं आणि जुन्यावरून नाव, गाव, शिक्षण उतरवलं. नवीन नोंदणीला उमेदवार समोर लागतो, दाखला लागतो, तेवढा नियम मी मोडला. तेवढा मोडायची हिंमत झाली, कारण त्यात माझी चूक दिसत नव्हती. नंबर पडला त्या दिवसाचा, म्हणजे सगळ्यांच्या शेवटी. आठ वर्षं रांगेत पुढं सरकत आलेला माणूस मी उचलून रांगेच्या टोकाला नेऊन ठेवला. कार्डावर गोल शिक्का मारला, काचेत घातलं, शिपाईमामांकडून खिळे ठोकून घेतले आणि तसबीर जाळीखालून सरकवली.

ती काचेकडं बघत राहिली. पांढरंशुभ्र कार्ड, चारी कोपरे धड. तिच्या तोंडावर जो आनंद आला, तो मला बघवेना.

"नवीन दिलं व्हय? लई बरं केलं बाई. जुन्याचा कोपरा गेल्ता, माझा जीव लागून राह्यला व्हता."

तेव्हा तरी मी बोलायचं. मी मान खाली घालून तक्त्यावर रेघा मारत बसले. तिनं दोन्ही हात जाळीला लावले, कपाळाशी बोटं मोडली, माझं औक्ष मागितलं आणि तसबीर घोंगडीत गुंडाळून अंबडच्या गाडीला निघून गेली. जुनं कार्ड माझ्या खणात राहिलं. मी त्यावर कागद ठेवले आणि वरून एक फाईल ठेवली.

संध्याकाळी साहेबांनी तक्ता मागितला. नवीन नोंदणी, त्यात तो एक. नोंदीतून कमी, ती डिसेंबरची रास. शेऱ्याच्या रकान्यापाशी मी थांबले. साहेब म्हणाले, लिहा, शेतीची कामे उपलब्ध झाल्याने. मी लिहिलं. त्यांनी लाल पेन्सिलीनं भिंतीवरच्या रेघेचा टिंब खाली नेला आणि म्हणाले, छान, यंदाही घट आहे. फेब्रुवारीत माझा कायम झाल्याचा हुकूम आला. साहेबांनी माझ्याबद्दल लिहिलं होतं, काम बिनचूक. बापानं वस्तीत गूळ वाटला. माझ्या वाट्याचा खडा मी पाठच्या भावंडाच्या हातावर ठेवला. मला माझीच लाज वाटत होती, आणि ती सांगायची सोय नव्हती.

पट्टा पडला, म्हणजे कारखाने बंद झाले, की तोडीची माणसं गावी परततात. वैशाखात एक दिवस तो खिडकीवर आला. उंच, हातांना उसाच्या पात्यांचे बारीक चिरे. काचेतून काढलेलं नवीन कार्ड त्यानं माझ्यापुढं ठेवलं. मॅट्रिक झालेला माणूस, त्याला काय वाचून दाखवायचं? नंबर आणि तारीख बघूनच त्याला सगळं उमगलं होतं. आवाज न चढवता त्यानं जुनं कार्ड मागितलं. मी खणातून काढून दिलं. त्यानं ते पालथं केलं आणि कोऱ्या चौकटीवर अंगठा ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, आई त्या सालच्या डिसेंबरात दाखवून गेली, कचेरीतल्या बाईनं बराबर म्हटलं, म्हणून मी उन्हाळ्यात काच काढून बघितली नाही. माझीबी चूक झाली. आणि विचारलं, त्या टायमाला खिडकीवर कोण व्हतं?

माझ्यामागं बडेबाबू बसले होते. त्यांचा टाक थांबला, ते मला न बघता कळलं.

मी म्हटलं, "त्यांची बदली झाली."

त्यानं अंगठा कार्डावरून उचलला. मग म्हणाला, जाऊ द्या, गर्दीत व्हतं माणसाकडून. मला वाटलं आता हा शिव्या देईल तर बरं. त्यानं जुनं कार्ड परत जाळीखालून आत सरकवलं. हे तुमच्याजवळच राहू द्या, म्हणाला, घरी नेलं तर आई विचारंल. तिला वाटून राह्यलंय का तिच्या जाण्यानं नवीन कार्ड भेटलं. तिला काही सांगू नका. तो गेल्यावर बडेबाबूंनी टाक पुन्हा दौतीत बुडवला. त्या दिवसानंतर मात्र त्यांनी मला कधी 'आधी कायम व्हा' असं म्हटलं नाही, आणि ताळा करताना माझ्या आकड्यांवर एकदा जास्तीची नजर फिरवायला लागले.

त्या साली नोव्हेंबरात मी एक काम केलं. ऑक्टोबरवाल्या पोरांची कार्डं वेगळी काढून घरच्या पत्त्यावर पोस्टकार्डं टाकली: डिसेंबरात शिक्का मारून घ्या, स्वतः येता येत नसेल तर कार्ड टपालानं पाठवा, काचेत असेल तर काढून पाठवा. ती शेवटची ओळ वाचून शिपाईमामा हसले. काही कार्डं आली, पुष्कळ नाही आली. घरी वाचणारं माणूसच नगरकडं गेलेलं, पोस्टकार्ड वाचणार कोण? घट झालीच, मागच्यापेक्षा थोडी कमी. साहेबांनी विचारलं, यंदा असं का? मी म्हटलं, बघते.

आणि त्याच डिसेंबरात, महिना संपायला दोन दिवस असताना तो स्वतः आला. टोळीतून दोन दिवसांची सुट्टी घेऊन, नगरकडून गाड्या बदलत, वाटेत गावी जाऊन. दिवाळी होऊन गेली होती, त्याचं वयही होऊन गेलं होतं. आता त्या कार्डाचा त्याला फारसा उपयोग नाही, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. तरी तो आला होता, कारण आई संगं होती. तिच्या हातात फडक्यात बांधलेला हुरडा होता, माझ्यासाठी आणलेला. तिनं मला जाळीतून बघितलं आणि तिचा चेहरा फुलला. पोराचा दंड धरून तिनं त्याला पुढं ओढलं.

"हीच ती बाई बरं का. दोन्ही साली हीच व्हती हितं. माझं काम हिनंच केलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याला किती वेळ लागला, मला सांगता येणार नाही. मागं बडेबाबूंचा टाक चालू होता, शिपाईमामा खण सरकवत होते, आणि मी जाळीला धरून बसले होते. वाटलं, आता हा विचारणार, बदली झाली ना? आईदेखत विचारणार. विचारायचा त्याला हक्क होता, आणि ह्या वेळी मी खोटं बोलले नसते, एवढं मी मनाशी ठरवूनही टाकलं होतं.

आई त्याच्या तोंडाकडं बघत होती, हा काही बोलतो का म्हणून. तो तिच्याकडं वळला.

"व्हय," म्हणाला. "बराबर हाय."

मग खिशातून कार्ड काढून त्यानं जाळीखालून सरकवलं, पालथं करून, शिक्क्याच्या चौकटींची बाजू वर ठेवून. मी शिक्क्याची तारीख दोनदा तपासली आणि शिक्का मारला.